व्होल्गा बघायला नवऱ्याची चिठ्ठी

मंडळी, इथे दुबईत अल मनखूलच्या ट्रॅव्हल एजंटकडून आत्ताच घरी आलेय आणि डोकं नुसतं तापलंय.

वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतेय. फळ्यावर व्होल्गा काढून काढून खडू झिजले. या सुट्टीत मॉस्कोहून नदीतून जाणाऱ्या क्रूझवर जायचं ठरवलं. कालव्याच्या दारांमध्ये पाणी भरून अख्खं जहाज वर उचलतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. एकटीने, स्वतःच्या पगारातून.

एजंट म्हणाला, "मॅडम, रशिया के व्हिसा के लिए हजबंड का एनओसी लाइए."

"क्यों? मेरा सॅलरी सर्टिफिकेट है ना!"

"आपके स्पॉन्सर तो वो हैं ना." म्हणजे काय, तर माझा इथला राहायचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर!

वर्गाची सहल निघाली की पालकांच्या सहीची चिठ्ठी मी मागते. आज पन्नासाव्या वर्षी तीच चिठ्ठी माझ्याकडे मागितली!

घरी सांगितलं, तर नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, देतो की सही. त्यात चिडायचं काय?"

गेल्या वर्षी हे मित्रांबरोबर आठवडाभर बँकॉकला जाऊन आले. मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, तेव्हा माझं एनओसी कुणी मागितलं होतं?