गार झाल्यावर आवळायचं

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कारखान्याच्या पाठीमागच्या शेडमध्ये आमची छोटी प्रयोगशाळा आहे. पनवेलहून मी स्कूटरने जाते. काम सांगायला सोपं, करायला किचकट. सुपरकंडक्टरची बोटापेक्षा अरुंद टेप लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायची, तिच्यातून करंट सोडायचा आणि तिला ओढत राहायचं. एवढ्या थंडीत ती टेप करंटला अजिबात अडवत नाही, पण एका मर्यादेपर्यंतच. ताण वाढला की ती मर्यादा खाली येते. किती ताणाला किती खाली, हे मोठी चुंबकं बनवणाऱ्यांना आधी कळावं लागतं, कारण चुंबक चालू झालं की आतली टेपची गुंडाळी चुंबकाच्याच जोराने ताणली जाते.

ओढायचं यंत्र सांभाळायला एक फिटरकाका होते. मोरा बंदराच्या कोळीवाड्यातले. भावांनी होड्या सांभाळल्या, हे कारखान्यांच्या शिफ्टमध्ये राबले आणि उतारवयात आमच्याकडे आले. मला मॅडम म्हणायचे. त्यांच्या मुलीच्या वयाची मी, मला अवघडल्यासारखं व्हायचं.

सुरुवातीचे सगळे नमुने वाया गेले. ओढायला सुरुवात करण्याआधीच, नुसतं थंड केल्यावर करंटची मर्यादा खाली आलेली असायची. टेप खराब आली असं समजून मी ती बनवणाऱ्या कंपनीला तक्रारीची ईमेल लिहायला घेतली. काका मागे उभे होते.

"मॅडम, एक इचारू? ही दोनी टोकां तुमी आदीच आवळता ना?"

"हो. नाहीतर सुटेल."

"मंग गार झाली की ती आकसनार कुठं? यंत्राचा वरचा सांगाडा तर गरमच हाय. तो काय आकसत नाय."

मी ईमेल तशीच सोडून यंत्राकडे गेले. त्यांचं खरं होतं. आम्ही ओढण्याआधीच टेप ओढली जात होती आणि आतला काचेसारखा ठिसूळ थर तडकत होता. काकांनी दोन दिवस खपून वरच्या पकडीला एक लांबट खाच पाडली. टेप थंड होईपर्यंत पकड त्या खाचेत सैल लटकायची. नायट्रोजनचं खळखळणं थांबलं की मगच ते पिन घट्ट करायचे. मी घाई केली की म्हणायचे, "थांब बाय. गार होऊ दे."

बाय कधीपासून म्हणायला लागले, मला आठवत नाही.

त्यानंतर आलेख सरळ बोलायला लागले. थोडं ओढलं की करंट जरासा उतरायचा, सोडलं की परत यायचा. काका दर वेळी विचारायचे, "आला का परत?" मी "आला" म्हटलं की चहा टाकायचे. एके दुपारी आम्ही मुद्दाम ओढत गेलो. करंट धाडकन कोसळला. सोडून पाहिलं, आला नाही. मी खुशीत होते, हवी ती ताणाची मर्यादा सापडली होती. काकांनी चहा टाकला नाही. टेप बाहेर काढून उजेडात धरली. वरून ती अगदी नव्यासारखी दिसत होती.

"कायच नाय दिसत," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी काम थांबवलं. जाताना म्हणाले, "मोऱ्याला ये. जेवाया घालतो." मी येते म्हटलं. मग प्रकल्पाचा अहवाल, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग नवं यंत्र. त्यात टेप थंड होताना यंत्र स्वतःच ताण शून्यावर ठेवतं. नवी मुलं हुशार आहेत, स्क्रीनकडे बघून काम करतात. पण आकडा आला की कोणाला सांगावा, हे मला कळेनासं झालं. दोनदा तर मी मागे वळून बोलायलाही लागले होते.

यंदा एका रविवारी मोऱ्याला गेले. दाराला कुलूप. शेजारची बाई अंगणात सुकट वाळत घालत होती. म्हणाली, "ते गेलं पोराकरं गुजरातला. पोर्टात कामाला हाय तो." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तू ती पट्टी ओढनारी बाय काय? लय सांगायचा तुजं."

तिने मुलाचा नंबर दिला. मी धक्क्यावर जाऊन फोन लावला. काकांना ऐकू कमी येत होतं, मला ओरडावं लागलं. लाँचला थांबलेली माणसं बघायला लागली.

"जेवलीस?" त्यांनी पहिलं तेच विचारलं. मग म्हणाले, "इथं पन दर्या हाय. पन बोलाया कोन नाय आपल्यातला."

मी ओरडून सांगितलं, नव्या जातीची टेप आली आहे, आपण ओढली होती त्याहून जास्त ओढली.

"आला का परत?"

"आला, काका."



"मी पायजे होतो," ते म्हणाले.

मग मुलाने फोन घेतला. त्याच्या ड्युटीची वेळ झाली होती.