आडव्या कलमाचे आंबे

कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि एसटीच्या खिडकीतली हवा बदलली. वर पाटणपर्यंत ती कोरडी होती, आता अंगाला चिकटू लागली. मी मिरजेचा, देशावरचा माणूस. रत्नागिरी जिल्ह्यात माझी सख्खी बहीण राहते, तरी या वाटेने मी सहा वर्षांनी येत होतो. कारण आधीच सांगून टाकतो. त्या खेपेला दापोलीच्या रस्त्यावर मी दारू पिऊन मोटारसायकल चालवली. मागे या बहिणीचे, मार्थाताईचे यजमान, शमुवेल दाजी, बसले होते. मला खरचटलं. त्यांचा उजवा गुडघा कायमचा गेला. दवाखान्याच्या दारात ताई एवढंच म्हणाली, "तू आता जा." मी गेलो.

दारू तेव्हाच सुटली, पण मी काही सुटलो नाही. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. प्रभूने आपल्यासाठी दिलेल्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात. ज्याचं मन साफ नाही त्याने ताटाला हात लावू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे ताट निघालं की मी हळूच उठून बाहेर जायचो. बाकाच्या कडेलाच बसायची सवय लागली होती.

आणि या मे महिन्यात दाजींचा फोन आला. "आंबा काढायला माणूस नाय. ये."

"ताईला विचारलंत?"

"आंबे माझे आहेत," म्हणाले आणि फोन ठेवला.

दापोलीला गाडी बदलली. शेजारी सुक्या मासळीची पाटी मांडीशी धरून एक बाई बसल्या होत्या. कोकणात अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत, कोणाकडे निघालात ते विचारतात.

"शमुवेलांकडे," मी म्हटलं.

"कुठला शमुवेल? आडव्या कलमाचा? मग तसं सांगा की! नुसता शमुवेल कोणाला कळायचा?"

आडवं कलम म्हणजे काय, हे विचारेपर्यंत हर्णैचा समुद्र दिसू लागला. पाण्यात सुवर्णदुर्ग, त्याच्या अलीकडे ओळीने लागलेल्या होड्या. बाई पाटी सावरत उतरल्या आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

ताईचं घर आंजर्ल्याच्या अलीकडे, पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांची वाट) टोकाला. दाजी वरच्या पायरीवर उभे होते. उजवा पाय काठीसारखा सरळ. मला खाली बघत उभं राहावंसं वाटलं, पण ते ओरडले, "अरे चढ लवकर, मला खाली यायला लावतोस काय?"

ताईने पानं वाढली. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. माझ्या पानात बांगडा मोठा होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. दाजींना म्हणाली, "पाहुण्यांना विचारा, कढी हवी का."

"पाहुणे, कढी?" दाजी हसू दाबत म्हणाले.

"हवी," मी दाजींना सांगितलं. त्यांनी ताईला सांगितलं. सगळं जेवण असंच पार पडलं.

सकाळी बागेत गेलो. खाली कातळ, वर मातीचा थर, त्यात हापूसची कलमं. गडग्याला (रचलेल्या दगडांचं कुंपण) लागून एक जुनं झाड चक्क जमिनीवर निजलेलं होतं. वादळाने ते मुळासकट उलथवलं होतं. निम्मी मुळं हवेत वाळून गेलेली, निम्मी अजून जमिनीत. आडव्या खोडातून फांद्या सरळ वर उठल्या होत्या आणि माझ्या छातीएवढ्या उंचीवर आंबे लोंबत होते. मी भोवती दोन फेऱ्या मारल्या. असलं झाड मी पाहिलं नव्हतं.

"तोडलं नाहीत?"

"करवत आणली होती. पण पालवी दिसली. उभ्या झाडांवर चढायला आता गडी शोधावा लागतो, मला कुठलं चढता येतं? हे एकच माझ्या हाताला येतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "आणि दृष्टांत नको काढू त्याचा. पाळकसाहेबांनी तीन उपदेश केलेत या झाडावर. झाडाला कंटाळा आला असेल."

मी उत्साहाने आंबे पिळून तोडायला लागलो. पाटी अर्धी झाली तेव्हा दाजींचं लक्ष गेलं.

"अरे मेल्या! देठ कुठाय?"

हापूस देठासकट काढायचा असतो, नाहीतर देठाच्या तोंडातून चीक उडतो. तो जिथे लागेल तिथे साल काळी पडते. माझ्या सगळ्या आंब्यांवर ओघळ होते आणि बोटांची आग होत होती. ताई घमेलं घेऊन आली, पाटीत बघितलं आणि दाजींना म्हणाली, "देशावरच्यांना उसाशिवाय काय कळतं?" सहा वर्षांत तिने मला पहिल्यांदाच टोमणा मारला होता. मला बरं वाटलं, हे लिहायला संकोच होतो.

ती गेल्यावर मी दाजींना म्हटलं, "उद्या रविवार. प्रभुभोजन आहे ना? मी घरीच थांबतो. मी घेत नाही, तिकडेही उठून बाहेर जातो."

दाजी खोडावर टेकले. "तीपण घेत नाय."

"कोण?"

"तुझी बहीण. मनात भावाबद्दल राग ठेवून ताटाला हात कसा लावू, म्हणते. ताट निघालं की उठते. तू तिकडे उठतोस, ही इकडे. गुडघा माझा मोडला आणि जेवायला मी एकटाच."

मला वाटत होतं, बाहेर मी एकटाच उभा आहे. माझ्या अपराधाने तिलाही दाराबाहेर काढलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

चर्च लहान, जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर कौलं. हंगामाचं पहिलं फळ वेदीपुढे ठेवायची इथे रीत आहे. दाजींनी पाटी ठेवली. वर माझेच डागाळलेले आंबे होते. मी खूण केली तर म्हणाले, "आत बरे आहेत."

इथे भाकरीचं ताट बाकावरून हातोहात फिरतं, शेजारी शेजाऱ्यापुढे धरतो. ते निघालं आणि मी सवयीने उठलो. दुसऱ्या कडेने ताई उठली. दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, आम्ही समोरासमोर आलो.

तिने माझ्या हातांकडे बघितलं. "खोबरेल लावलं नाहीस?"

"ताई, मी—"

"ते मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. पाठ झालंय." तिने डोळे पुसले. "राग धरून मी दमले रे प्रकाश. दर महिन्याला प्रभूला म्हणते, तू काढून घे. आज उठले तेव्हा बघते तर राग नव्हताच. नुसती सवय होती." मग पदर सारखा केला. "चल आत. एकटी गेले तर सगळे बघतील."

सगळ्यांनी बघितलंच. पाळकसाहेब ताट घेऊन थांबले होते. ते त्यांनी ताईकडे दिलं आणि तिने माझ्यापुढे धरलं. काळ्या पडलेल्या बोटांनी मी भाकर उचलली. मी लायक झालो म्हणून नव्हे. माझ्यासाठी ती मोडलेली होती, आणि धरणारा हात माझ्या बहिणीचा होता.

परतीच्या गाडीत आंब्याची पेटी पायाशी होती. "डागी वर ठेवलेत, आधी ते संपव," ताईने बजावलं होतं. चिपळूण सोडल्यावर एक सोलला. साल काळी, आत केशरी. दाजींचा गुडघा काही वाकणार नाही, आणि ते कलम पुन्हा उभं राहणार नाही. माझ्या बोटांचे डागही अजून गेलेले नाहीत. पुढच्या महिन्यात मिरजेत पुन्हा प्रभुभोजन आहे. मी बाकाच्या मधोमध बसणार आहे, म्हणजे सवयीने उठलो तरी वाट मिळणार नाही.