सोनाबाईंचा डावा हात

"काका, सोनाबाईंना वर बोलवा. पहिला छापा त्यांना दाखवू," ताई मला म्हणाल्या.

छाप्यात घोळ झालाय हे मला सकाळीच दिसलं होतं. घोळ माझाच होता.

ताई चित्रकार. ताम्हिणीला त्यांचा स्टुडिओ आहे. माझं आयुष्य पुण्यात प्रेसमध्ये गेलं. रिटायर झाल्यावर त्यांची छपाई बघतो. त्यांचं काम वुडकटचं. म्हणजे लाकडी फळीवर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा. छापा उलटा येतो, डावं ते उजवं होतं. म्हणून चित्राचं ट्रेसिंग फळीवर पालथं ठेवून उतरवतात. हे काम माझं. या खेपेला मी ते सुलटंच ठेवलं. आणि ताई माझ्यावर विश्वास टाकून तीन आठवडे मान मोडून कोरत बसल्या.

चार दिवसांवर प्रदर्शन. म्हटलं, डोंगर डोंगरच दिसतोय, भात भातच दिसतंय, कोणाला कळतंय! गप्प बसलो.

सोनाबाई खालच्या वाडीतल्या, रोजंदारीवर भात कापणाऱ्या. चित्र त्यांचंच, भात कापतानाचं. पदराला हात पुसत आल्या, छाप्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"लई भारी काढलंय. कोन हाय ही बाई?"

"अहो, तुम्हीच!" ताई हसल्या.

"छ्या! मी डावरी हाय. माजा इळा लोहार येगळा करून देतो. हिच्या तर उजव्या हातात हाय. ही मी न्हाई."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं घडाघडा सांगून टाकलं. आता हातात नारळ पडणार, हे धरूनच चाललो होतो.

"सकाळीच का नाही बोललात?" एवढंच विचारलं त्यांनी. मग नवी फळी टेबलावर घेतली.

"ताई, प्रदर्शन?"

"ह्याच्याशिवाय होईल."

"अहो, पण बाकी कोणाला कळणारसुद्धा नाही!"

"त्यांना कळलं ना?"

काय बाई आहे ही! प्रेसमध्ये इतकी वर्षं काढली, पण असा माणूस नाही बघितला. प्रदर्शनात एका भिंतीवर नुसता खिळा राहिला. गॅलरीवाले फुगून बसले. ताई इकडे पहिल्यापासून कोरत होत्या.

नवा छापा निघाल्यावर सोनाबाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी डावा हात विळा धरल्यासारखा उचलला, छाप्याशी ताडून बघितला.

"व्हय. आत्ता मी हाय."

ती चुकलेली फळी मी माझ्या टेबलासमोर टांगलीय. ट्रेसिंग आता दोनदा तपासतो. आणि चूक दिसली, की आधी सांगतो, मग चहा पितो.