संध्याकाळच्या दवाखान्याचा आकडा

बाळांनो, मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" मी म्हटलं, "आकडे गोळा करायचे," आणि तुम्ही दोघं हसलात. हसा, पण ऐका.

राज्यभरातल्या नगरपालिका आणि पंचायतींकडून आमच्याकडे तक्ते यायचे. शाळा किती, नळ किती, रस्त्यावरचे दिवे किती. ते जुळवून आम्ही दरवर्षी एक जाड पुस्तक काढायचो, कोणालाही बघता यावं म्हणून. एखादी गोष्ट गावात नसेलच तर त्या रकान्यात 'निरंक' लिहायचं, असा नियम. निरंक म्हणजे आम्ही पाहिलं, आणि काही नाही. रकाना नुसताच रिकामा आला तर मी तक्ता परत पाठवायची. रिकामा म्हणजे कोणी पाहिलंच नाही. हा फरक नव्या मुलींना समजावताना माझा घसा बसायचा.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. आपल्या भागाचे आकडे आता संगणकावर मिळतात. मी ते दर महिन्याला उतरवून घेते आणि सोप्या मराठीत मांडून सोसायटीच्या फलकावर लावते. कचऱ्याच्या किती तक्रारी सुटल्या, बाग किती वेळ उघडी, दवाखान्यात किती लोक गेले. लोक आधी पाणी कधी येणार नाही ते शोधतात, बाकीचं सवडीनं.

पहिल्या मजल्यावरची माझी मैत्रीण तर कागदाकडे बघायचीही नाही. ती मालवणकडची. तिला साखरेचा आजार, आणि टाचेला जखम झालेली. सून कामावरून आली की तिला गल्लीच्या टोकाच्या पालिकेच्या दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायची. एक दिवस तिथे सूचना लागली: रुग्ण कमी असल्यामुळे संध्याकाळची वेळ बंद करण्याचा विचार आहे. मैत्रीण कठडा धरत धरत वर माझ्याकडे आली.

"काय गो, तुज्या त्या कागदावर काय लिवलंस? संध्याकाळी कोण जाणाच नाय म्हणून?"

"मी मनानं नाही गं लिहिलं. आलेला आकडा मांडला."

"मगे मी रोज जातंय ती कोण? माका भूत समजलंस?"

सकाळी सून घरी नसते, आणि तो रस्ता हिला एकटीला ओलांडता येत नाही. संध्याकाळ बंद म्हणजे हिचं ड्रेसिंग बंद, आणि साखरेच्या माणसाची जखम थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींबरोबर गेले.

बाकं भरलेली होती. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात केस पेपर. आपल्याकडे केस पेपर टाकत नाहीत. भरला की खाली दुसरा कागद चिकटवायचा. नवा काढला तर डॉक्टरला आपला मागचा इतिहास कसा कळणार? मैत्रिणीचा पेपर उलगडला तर जन्मपत्रिकेसारखा गुडघ्यापर्यंत आला. खिडकीवर मोजणी व्हायची ती फक्त नव्या पेपरांची. जुने पेपरवाले सरळ आत जायचे. वर जाणाऱ्या तक्त्यात त्यांच्यासाठी रिकामा रकानासुद्धा नव्हता.

मी हे सांगितलं तसा मैत्रिणीनं तिथेच उपाय काढला. "उद्यापासून सगळ्यांनी रोज नवो पेपर काढायचो. आकडो कसो झकास चढता बघा!"

बाकावरच्या एका काकांना ते फारच आवडलं. "मी तर दोन काढतो," म्हणाले.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "खोटा आकडा कोणी तपासला की खरी माणसंही खोटी ठरतात."

"ऐका! हेडमास्तरीण इली," ती बाकाला उद्देशून म्हणाली. पण तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. मी तिला म्हटलं, "थोडे दिवस जुन्या पेपरवाल्यांचीही नोंद कराल का?"

"आजी, वरून ती माहिती कोणी मागतच नाही."

"मग न मागता पाठवा. मी आयुष्यभर न आलेल्या आकड्यांच्या मागे लागले. आपणहून आलेला आकडा टाकून द्यायचं धाडस कोणाला होत नाही."

ती हसली आणि हो म्हणाली. मी कागदावर दोन रकाने आखून दिले, नवे आणि जुने. खिडकीवरच्या बाई माणूस आला की रेघ मारायच्या: चार उभ्या, पाचवी आडवी. महिनाअखेर तो कागद तक्त्याला जोडून वर गेला. काही दिवसांनी आधीची सूचना भिंतीवरून उतरली आणि संध्याकाळची वेळ तूर्त चालू राहील, अशी नवी लागली.

त्या महिन्याच्या माझ्या कागदावर दोन्ही रकाने होते. मैत्रीण पहिल्यांदाच फलकापुढे उभी राहिली. "ह्येच्यात मी खंय?"

मी 'जुने'वर बोट ठेवलं. तिनंही तिथेच आपलं बोट टेकवलं. "बरी दिसतंय," म्हणाली.

पुढे जखम भरली. आता यायची गरज नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. मला वाटलं, ही खूश होऊन वर येईल. आली ती तोंड पाडून.

"मी बरी झालंय. म्हणजे आकडो कमी होतलो मा?"

मी हसले. ती हसली नाही. "माज्यापायी परत बंद केल्यांनी तर? बाकीच्यांनी काय करूचा?"

माणसं बरी व्हावीत म्हणूनच दवाखाना असतो, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. पटलं नाही. शेवटी म्हटलं, "चल, मला बीपी तपासायचाच आहे." मी नेहमी खाजगी डॉक्टरकडे जाते. त्या संध्याकाळी पालिकेच्या दवाखान्यातल्या रांगेत उभी राहिले आणि माझा पहिला केस पेपर काढला. अगदी खरा. बीपी थोडा वरच निघाला. तुमच्या बाबाला आत्ताच सांगू नका. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

बाहेर पडताना मैत्रिणीनं पर्समधून घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझा पेपर स्वतःच आत सरकवला.

"जपून ठेव गो," म्हणाली. "आणि पुढल्या येळी नवो काढू नको."