पांढरी गोळी, गुलाबी गोळी

औषधाचं दुकान चालवणाऱ्या काकांना गल्लीत सगळे 'अर्धे डॉक्टर' म्हणत. हे नाव ठेवलं होतं चौकापलीकडच्या दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांनी, आणि चिडवायला म्हणूनच ठेवलं होतं. "अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊ नका हो," असं ते जाता-येता औषधाच्या दुकानाच्या दारातून ओरडत, आणि मग स्वतःच्या सासूला इंजेक्शन टोचून घ्यायला यांच्याकडेच पाठवत. सासूबाईंचं म्हणणं होतं की जावयाचा हात जड आहे. काका उलटून काही बोलत नसत. बत्तीस वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाला असले टोमणे अंगाला लावून घ्यायला वेळ नसतो.

दुकान पुढून इतर कुठल्याही औषधाच्या दुकानासारखंच होतं. खरं काम चाले ते मागच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक लांब टेबल, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि दाराला जाड पडदा. तिथे काका रक्तदाब मोजत, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासत, लस टोचत, दम्याचा पंप तोंडात कसा धरायचा ते दहादा दाखवत. एखाद्याच्या पायावरची जखम बघून "हे माझ्या आवाक्यातलं नाही, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ," असं दरडावूनही सांगत. माणसं डॉक्टरांशी खोटं बोलतात आणि औषधवाल्याशी खरं, हे त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टरांपुढे भीड असते. इथे टाचेच्या भेगांचं मलम घेता घेता बाई हळूच सांगून जाते की गेले दोन महिने लघवीतून रक्त जातंय.

आणि गुरुवारी दुपारी असायच्या पिशव्या. घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत भरायची आणि या टेबलावर आणून ओतायची. काका एकेक पाकीट उचलून वाचत, मुदत संपलेलं बाजूला काढत, एकच औषध दोन नावांनी आलेलं असेल तर त्यातलं एक ठेवून घेत, आणि उरलेल्याचा मोठ्या अक्षरात तक्ता करून देत. एक छदामही घेत नसत. पिशव्यांतून काय काय निघे! बटणं निघत, नातवाचे पडलेले दात निघत, वारलेल्या नवऱ्याच्या गोळ्या निघत, ज्या बायको "वाया कशाला घालवायच्या" म्हणून स्वतः खात असे. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवून एकाच डब्यात भरल्या होत्या. "पोटात जाऊन एकत्रच व्हायच्या ना?" असा वर युक्तिवाद! काकांनी कपाळावर हात मारला, पण आवाज चढवला नाही.

हे सगळं बघून लोक म्हणत, देवमाणूस आहे. हा शब्द कानावर पडला की काका मान खाली घालत आणि लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता. गुरुवारच्या पिशव्या कशातून सुरू झाल्या हे एकट्या काकांना माहीत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. समोरच्या बोळात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस राहतो, त्याला सगळे घड्याळजीच म्हणतात. त्याची आई काकांची जुनी गिऱ्हाईक. हृदयाचे ठोके ताब्यात ठेवायला तिला रोज एक पांढरी गोळी असे. औषध न्यायला सून येई. सून मोठी शिस्तीची, घरात औषध संपता कामा नये म्हणून जुनं शिल्लक असतानाच नवं आणून ठेवणारी. त्या सकाळी सासूला डॉक्टरांना दाखवून, नवी चिठ्ठी घेऊन ती थेट दुकानात आली. पांढऱ्या गोळीचा माल आला नव्हता. दुसऱ्या कंपनीची गोळी होती. औषध तेच, ताकद तीच, फक्त रंग गुलाबी आणि पाकिटावरचं मोठं नाव निराळं. काकांनी ती दिली. "रंग बदललाय, औषध तेच आहे, जुनी संपल्यावरच ही सुरू कर," एवढं सांगायला हवं होतं. दुकानात आठ माणसं उभी होती, फोन वाजत होता, आणि ते सांगायचं राहून गेलं.

सुनेला वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. नऊ दिवस तिने सासूला दोन्ही दिल्या. दहाव्या दिवशी सासूला न्हाणीघरात चक्कर आली, पडून खुब्याचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलातून ती घरी आली नाही. सगळे म्हणाले, वय झालं होतं. पुढच्या आठवड्यात घड्याळजीने उरलेली औषधं दुकानात आणून दिली. काकांनी ती मागच्या खोलीत नेऊन पाहिली. गुलाबी नऊ गेल्या होत्या. वहीतल्या हिशेबाप्रमाणे पांढऱ्या पंधरा शिल्लक राहायला हव्या होत्या, राहिल्या होत्या सहा; म्हणजे रोज दोन्ही गेल्या होत्या. काकांनी त्या पुन्हा मोजल्या. सहाच.

त्याच दिवशी उठून समोरच्या बोळात जायला हवं होतं. गेले नाहीत. भ्याले, याला दुसरा शब्द नाही. परवाना जाईल, इतक्या वर्षांत कमावलेलं नाव जाईल, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर राहील, अशी शंभर कारणं माणसाला अशा वेळी सुचतात. त्यांनी ती पाकिटं टाकून दिली आणि महिन्याभराने गुरुवार सुरू केले. अख्ख्या गल्लीच्या पिशव्या तपासल्या, एक घर सोडून. सासूचं औषध नको झाल्यावर त्या घरच्या सुनेचं दुकानात येणं थांबलं. वर्ष उलटल्यावर तर ती काका दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. काकांनी मनाशी ओळखलं की तिला कळलंय, चूक कुणाची ते तिने शोधून काढलंय, आणि तरी ती बोलत नाही. तिच्या गप्प राहण्याचं त्यांना बरं वाटे, आणि बरं वाटतं याची लाज वाटे.

मग या वर्षी एके दिवशी घड्याळजी स्वतःच मागच्या खोलीत येऊन बसला. डोकं दुखतंय म्हणाला. वरचा रक्तदाब एकशे नव्वद निघाला. काकांनी त्याला तसाच उठवून दवाखान्यात पिटाळलं. तो चिठ्ठी घेऊन परत आला तर चिठ्ठीवर आईचंच औषध. काकांनी गोळ्या दिल्या आणि तीन-तीनदा समजावलं. दोन आठवड्यांनी मोजलं तर पुन्हा एकशे नव्वद.

"गोळी घेतोस ना रे?"

"घेतो की. म्हणजे, आठवली की घेतो."

"बायको आठवण करत नाही?"

घड्याळजी ओशाळला. "ती औषधाला हात लावत नाही, काका. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीपासून हे सुरू झालंय. घर एकहाती सांभाळते, पण गोळीचं नाव काढलं की खोलीबाहेर जाते. का म्हणून विचारलं तर रडते. मग मी विचारायचं सोडलं."

"असंच चाललं तर एक दिवस बसल्या जागी तोंड वाकडं होईल तुझं. कळतंय का?"

"मला कळतंय हो. तिला कोण सांगणार?"

काकांच्या मौनाने त्या घरातल्या एका मरणावर पांघरूण घातलं होतं, आता ते दुसऱ्या माणसाला घेऊन जायला निघालं होतं. घड्याळजीची बायको आपल्या दुकानातल्या औषधावर विश्वास ठेवत नाही, असाच अर्थ त्यांनी लावला, आणि तो त्यांना रास्तच वाटला. "गुरुवारी तिला पिशवी घेऊन पाठव," ते म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी."

ती आली ती सहा वाजता, बाकीचे सगळे गेल्यावर. पिशवी दोन बोटांत धरली होती. टेबलावर ठेवली, पण ओतली नाही. बसलीही नाही.

"बस, सूनबाई."

"उभीच बरी आहे मी. ह्यांनी फारच गळ घातली म्हणून आले. काका, गोळ्यांचं काय ते तुम्ही ह्यांनाच समजवा. माझ्या हातात देऊ नका."

काकांनी दोन दिवस वाक्यं घोटून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. "तुझ्या सासूबाईंचं बोलायचंय," ते कसंबसं म्हणाले. "त्या दोन गोळ्यांचं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"वाटायचंच मला. तुमच्या नजरेतून सुटायचं नाही ते. म्हणून तर तुमच्यासमोर यायची हिंमत होत नव्हती." ती खुर्चीत बसली. "मीच दिल्या हो दोन्ही. रोज सकाळी, माझ्या हातानं. त्या म्हणायच्या, अगं, आता दोन दोन का? मी म्हटलं, डॉक्टरांनी वाढवलीय, घ्या मुकाट्यानं. वर्षभरानं कपाट आवरताना रिकामं खोकं सापडलं. बारीक अक्षरात तेच नाव. शिकलेली बाई मी, आणि दोन ओळी वाचल्या नाहीत. ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू, तुमची आई माझ्यामुळे गेली म्हणून? पोराला ताप आला की मी शेजारणीला हाक मारते. औषधाचा चमचा तिच्या हातात देते आणि दाराबाहेर जाऊन उभी राहते."

काकांना इतकी वर्षं वाटत होतं की या बाईने त्यांचा अपराध पोटात घातलाय. तिने तो स्वतःच्या माथ्यावर घेतला होता, आणि ती रस्ता ओलांडून जात होती ती शरमेने.

"चूक तुझी नाही," ते म्हणाले. "गोळी बदलली की सांगायचं, हे माझं काम. तसा नियमच आहे. मी बदलली आणि सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती, पण ते काही कारण नव्हे. तू जे त्यांना दिलंस ते मी तुला दिलं होतं, न बोलता."

तिने पिशवी बाजूला सारली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्या गेल्यावर आठवड्याभरात. उरलेली औषधं परत आली तेव्हा."

"म्हणजे माझ्याआधी."

"हो."

"आणि पुढची पाच वर्षं मी हे घेऊन फिरले. तुम्ही इथे होतात. समोर. वीस पावलांवर."

काकांनी हात जोडले, पण तिने त्यांना बोलू दिलं नाही. "माफी मागू नका. आधी मला राग तरी येऊ द्या. कुणावर रागवायचं ते आत्ता कुठे कळलंय."

मग तिने पिशवी उलटी केली. आत एकच पाकीट होतं. ते उचलून तिने मोठं नाव वाचलं, खालचं बारीक नाव वाचलं, मागची तारीखसुद्धा वाचली.

"किती वाजता द्यायची?"

"सकाळी आठला. खाणं झाल्यावर."

"एकच?"

"एकच."

"उद्या आठला घरी या. मी देईन, तुम्ही समोर उभे राहायचं. त्यानंतर हे सगळं ह्यांना सांगायचं. मी सांगणार नाही."

काकांनी घरी जाऊन पहिल्यांदा बायकोला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जा. परवाना गेला तर गेला." आणि भाजी निवडायला लागली.

सकाळी घड्याळजी बनियनवरच होता. काकांना स्वयंपाकघराच्या दारात बघून त्याला हसू फुटलं. "एका गोळीला दोन-दोन माणसं? राजाच झालो की मी!"

बायको हसली नाही. तिने पाकीट उजेडात धरून दोन्ही नावं मोठ्याने वाचली आणि एक गोळी सोडवून तळहातावर घेतली. ती पुन्हा एकदा पाकिटाशी लावून पाहिली आणि मगच त्याच्यापुढे धरली. ते बघून घड्याळजीचं हसू ओसरलं. त्याने एकदा बायकोकडे, एकदा काकांकडे पाहिलं, गोळी उचलली आणि पाणी प्यायला.

तिने रिकामा पेला ओट्यावर ठेवला. खुर्ची ओढून नवऱ्याला बसवलं आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. काकांना कुणी बसायला सांगितलं नाही.

"बोला," ती म्हणाली.