मडगार्डवरचा नारळ

सत्तर सालानंतरची गोष्ट. भिवंडीत एका शेठच्या गॅरेजात मी मोटारी रंगवायचो. रंगवायचो कसला, पापं झाकायचो! ट्रकने चेपलेलं एक मडगार्ड मी बोटभर जाड पुट्टी भरून गुळगुळीत केलं, वर काळा रंग मारला, आणि ‘गाडी कधी ठोकलेली नाही’ असं सांगून शेठने ती अंबाडीच्या एका शेतकऱ्याच्या गळ्यात मारली.

त्याला गाडी चालवता येत नव्हती. म्हणून मी ड्रायव्हर झालो आणि तो, त्याचे भाऊ, शेठ असे आम्ही सगळे पूजेला वज्रेश्वरीला गेलो. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर नारळ फोडायची त्या शेतकऱ्याची सवय. तसाच त्याने तो मडगार्डवर आपटला. नारळ फुटला नाही, पण ताटलीएवढी पुट्टी गळून पडली आणि आतला फाटका पत्रा दिसला.

“देवीच्या दारात फसवतोस?” म्हणत त्याने तोच नारळ शेठच्या कपाळावर हाणला. त्याच्या भावांनी शेठला लाथांनी तुडवला.

रक्ताळलेल्या शेठने माझ्याकडे बोट केलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी त्या तोंडावर बुक्की घातली. दात पडले तरी घालतच राहिलो.

शेतकऱ्याने माझी पाठ थोपटली. “यो डायवर इमानदार हाय,” तो म्हणाला.