जिन्यातली डबी

घरचे तिला शाळेपासून ‘सर्जनबाई’ म्हणत, कारण सर्जनच व्हायचं असा तिचा हट्ट होता. का, विचारलं तर बिनदिक्कत सांगायची, "टेबलावरचा पेशंट झोपलेला असतो. बडबड करत नाही." माणसांशी बोलायचा तिला मनापासून कंटाळा. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षी, पुढे सर्जरीच्या अर्जाला वजन यावं म्हणून तिला समाजसेवेच्या साठ तासांचं प्रमाणपत्र हवं होतं. केवळ तेवढ्यासाठी ती शनिवारच्या मोफत दवाखान्यात जाऊ लागली. हे तिने कधी लपवलं नाही, एवढा गुण मानायला हवा.

दवाखाना म्हणजे छापखान्यावरचा हॉल. दोन पडदे, एक वजनकाटा आणि बाकांवर परमुलखातून आलेली माणसं. सर्जनबाईने रक्तदाब मोजायचा, आणि त्या माणसांतलेच एक बस ड्रायव्हर काका दुभाषाचं काम करायचे. पेशंटने पाच मिनिटं हातवारे करत कर्मकहाणी सांगावी आणि काकांनी सारांश द्यावा, "बरं नाही म्हणतात." सर्जनबाईला काका फार आवडायचे.

तिथे एक शिवणकाम करणाऱ्या आजी यायच्या. दाब एकशे नव्वद. मोठ्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. महिन्याने दाब तसाच. रोज दोन दिल्या. पुढच्या महिन्यात दोनशे.

"पुढच्या शनिवारीही असाच निघाला तर ॲडमिट," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर एक दिवस अर्धांगवायू होईल."

"नाही म्हणतात," काका म्हणाले.

"गोळ्या घेतात का, विचारा."

"घेतात म्हणतात."

घरी जाताना सर्जनबाईच्या डोळ्यांसमोरून तो दोनशेचा आकडा हलेना. ती घाबरली होती. बुधवारी काकांना गाठून ती थेट आजींच्या इमारतीत गेली.

पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर आजी शिवत बसल्या होत्या आणि शेजारी बटणांची एक डबी ठेवलेली होती. आत आजींच्या गोळ्या. सर्जनबाई बघत असतानाच वरून एक बाई उतरल्या, एक गोळी तोंडात टाकून आजींकडे बघून हसल्या आणि कामाला गेल्या. मागोमाग डोकं धरून एक आचारी आला. त्यानेही घेतली.

सर्जनबाईचा पारा चढला. "आजी, ह्या तुमच्या गोळ्या आहेत ना?"

आजी शांतपणे बोलत राहिल्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच सगळं सांगितलं. "त्या म्हणतात, आमच्यात औषध घरात आलं की एकट्याने खात नाहीत. मी एक दिवसाआड घेते, बाकी शेजाऱ्यांना. तुम्ही दोन केल्यात तेव्हा फार बरं वाटलं, आणखी चौघांना पुरल्या. ते दवाखान्यात येणार नाहीत. तुम्ही नाव-पत्ता लिहून घेता. ज्याच्याकडे राहायचे कागद नाहीत, तो पत्ता कशाला देईल?"

ज्या काकांचा सारांश वेळ वाचवतो म्हणून ती खूश होती, त्यांना तिने एकदाही दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी तिने खुर्ची उचलून जिन्यातच मांडली. नावं लिहिली नाहीत. वहीत ‘दुसरा मजला, डावं दार’ एवढंच. अकरा जणांचे दंड आवळले. सहा जणांचा दाब खरोखरच वाढलेला निघाला, म्हणजे आजींचं निदान अगदीच टाकाऊ नव्हतं. मोठे डॉक्टर गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत जिना चढून आले आणि ज्याला लागतील त्याला त्याच्या वेगळ्या गोळ्या देऊन गेले. एकट्याने खायचं नाही, हा आजींचा नियम मात्र मोडला नाही. रोज सकाळी आजी धरून सातजण आपापली डबी घेऊन वळणावर जमायचे आणि एकदमच गोळी गिळायचे.

दीड महिन्याने आजींचा दाब एकशे चाळीस आला. सर्जनबाईने तो तीनदा मोजला आणि मग पट्टाच खराब आहे असं पुटपुटत डोळे पुसले.

प्रमाणपत्र आणायचं ती विसरून गेली. पुढे सर्जरीचा अर्जही भरला नाही. "एवढ्यासाठी शिकवलं का तुला?" असं वडील महिनाभर विचारत होते.

आज पन्नाशी उलटली तरी ती त्याच वस्तीत दवाखाना चालवते. नव्या पेशंटला तिचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्या गोळ्या आणखी कोण घेतं?" शिकाऊ डॉक्टर खुदखुदतात. पेशंट आधी खाली बघतात. मग हमखास कुणीतरी हळूच विचारतं, "बाहेर उभी आहे ती. बोलावू?"